दुखणे मराठीत, कागद इंग्रजीत

१/
नीरा डाव्या कालव्याने ज्या मुलखाचे रूप पालटले, त्या बारामती तालुक्यातले पिंपळी हे एक गाव. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगर येथील सहकारी साखर कारखान्यांची नावे या भागात शाळकरी पोरांनाही पाठ असतात. उसाची तोड, कारखान्याचा गळीत हंगाम, पहिला हप्ता, साखरेचा उतारा ही इथल्या रोजच्या बोलण्यातली भाषा. ‘साखर’ हा शब्द इथे पीक आहे, पैसा आहे आणि राजकारणही आहे. परंतु त्याच घरातली वडीलधारी बाई आजारी पडली की शब्द बदलतो. “आईला शुगर निघाली,” असे सांगितले जाते. पोत्यातली ती साखर आणि रक्तातली ती शुगर. एकाच पदार्थाची ही दोन नावे कशी पडली आणि त्यातून काय बिघडते, याचा हा मागोवा.

२/
गंमत अशी की ‘शुगर’ हा शब्द मुळात परका नाही. संस्कृतातील ‘शर्करा’ म्हणजे खडी, वाळूसारखे कण. तोच शब्द प्राकृतातून मराठीत आला आणि ‘साखर’ झाला. दुसऱ्या वाटेने तो फारसीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’, पुढे लॅटिन व फ्रेंच यांच्या हातून इंग्रजीत ‘शुगर’ झाला. म्हणजे साखर आणि शुगर या सख्ख्या बहिणी. एक घरीच राहिली, दुसरी अरबस्तान आणि युरोप फिरून दवाखान्याच्या दाराने परत आली. तेव्हा या शब्दाला परदेशी म्हणून हाकलून देण्याआधी त्याची वंशावळ पाहावी लागते.

३/
रोगाच्या शास्त्रीय नावाचीही तीच कथा. आयुर्वेदाच्या प्राचीन संहितांत ‘मधुमेह’ आहे. मध म्हणजे गोडवा, मेह म्हणजे मूत्र. युरोपात सतराव्या शतकात थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने या रोग्यांच्या लघवीच्या गोडीची नोंद केली. पुढे ‘डायबेटिस’ला ‘मेलिटस’ हे विशेषण चिकटले. त्याच्या मुळाशीही मधच आहे. दोन संस्कृतींनी एकाच लक्षणावर बोट ठेवून एकाच अर्थाचे नाव दिले. यातून एक गोष्ट स्पष्ट होते. वैद्यकाची परिभाषा मराठीला पेलणार नाही, हा समज निराधार आहे. अडचण भाषेच्या कुवतीची कधीच नव्हती. ती कशाची होती, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

४/
आरोग्याविषयी मराठी माणूस शतकानुशतके उसने शब्द वापरत आला आहे. ‘आजार’ फारसी. ‘जखम’ फारसी. ‘तब्येत’ आणि ‘मलम’ अरबी. ‘तंदुरुस्त’ तर सरळसरळ फारसी जोडशब्द आहे. तन म्हणजे शरीर, दुरुस्त म्हणजे ठीकठाक. ‘इस्पितळ’ पोर्तुगिजांनी दिले. सर्वांत मजेदार प्रवास ‘जुलाब’ या शब्दाचा. मुळात फारसी ‘गुलाब’ म्हणजे गुलाबपाणी. अरबीत त्याचे ‘जुलाब’ झाले आणि हकिमांच्या हाती ते औषधी सरबत ठरले. मराठीत त्या औषधाचा परिणाम तेवढा उरला. इंग्रजीतील ‘ज्युलेप’ हे गोड पेयही त्याच घराण्यातले. आज ‘फिट’ शब्दावर नाक मुरडून ‘तंदुरुस्त’ म्हणा असे बजावणारा शुद्धिवादी एका उसन्या शब्दाच्या जागी दुसरा उसना शब्दच सुचवत असतो.

५/
शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी १६७७ च्या सुमारास ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध केला. फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय देणारा हा कोश. त्यात राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग, सामंतवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग आणि पण्यवर्ग असे दहा वर्ग आहेत. वैद्यकाला त्यात स्वतंत्र वर्ग नाही. हे सूचक आहे. त्या काळी राज्यसत्तेची भाषा परकी झाली होती आणि ती बदलणे निकडीचे होते. दुखण्याखुपण्याची भाषा मात्र वैद्य, सुईण आणि रोगी यांच्यात सामाईक होती. सांगणारा आणि ऐकणारा एकाच बोलीत बोलत होते. त्या जागी कोशाची गरजच कोणाला भासली नसावी.

६/
उलट त्या काळात मराठी-कोकणी शब्द युरोपात जात होते. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहिला. त्याचा औषधी द्रव्यांवरील संवादग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात त्याने पटकीचे वर्णन केले आणि स्थानिक नावही नोंदवले. ते नाव म्हणजे ‘मोडशी’. पोर्तुगिजांनी त्याचे ‘मोर्देशीं’ केले. फ्रेंचांच्या कानांना ते ‘मोर द शियाँ’ असे ऐकू आले, म्हणजे त्यांच्या भाषेत चक्क ‘कुत्र्याचे मरण’. १८८६ सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध अँग्लो-इंडियन कोशाने या गोंधळाची उकल करून मूळ शब्द ‘मोडणे’ या क्रियापदाशी जोडला. रोगाचे नाव घ्यायला युरोप कोकण किनाऱ्यावर आला होता, हे आज कोणाच्या लक्षातही नसते.

७/
या ‘मोडणे’ शब्दापाशी क्षणभर थांबण्यासारखे आहे. संस्कृतात ‘रुज्’ धातूचा अर्थ मोडणे, फोडणे. त्यापासून ‘रुग्ण’, म्हणजे शब्दशः मोडलेला. मराठी माणूस ताप येण्याआधी म्हणतो, ‘अंग मोडून आले.’ पटकी म्हणजे मोडशी. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाला गावोगावी नाव पडले ‘मानमोडी’. आजारपण म्हणजे अखंड वस्तू भंगणे, ही कल्पना या भाषेत खोलवर रुजली आहे. इंग्रजीतील ‘हेल्थ’ शब्दाची व्युत्पत्ती पाहिली तर तो ‘होल’, म्हणजे अखंड, या शब्दाचा भाऊबंद आहे. एका भाषेने मोडलेपणाला नाव दिले, दुसरीने अखंडपणाला. अनुभव दोघींचा एकच.

८/
मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे साठ हजार शब्द आहेत. त्याची पाने चाळताना मराठीत वेदनेचे केवढे भांडार आहे ते कळते. कळ, शूळ, ठणका, चमक, पेटका, मुरडा, उसण, लचक. शिवाय ध्वनीवरून घडलेले शब्द वेगळेच. ठसठसणे, चुणचुणणे, जळजळणे, मळमळणे, गरगरणे, रखरखणे, सणकणे. यांत नुसता अलंकार नाही, माहिती आहे. पिकलेले गळू ठसठसते. उसण पाठीत भरते आणि हालचाल रोखते. मुरडा पोटात येतो, डोक्यात कधीच नाही. पोटऱ्यांत गोळे येतात. अर्धे डोके दुखले तर ती अर्धशिशी. जाणकार वैद्याला निम्मे निदान शब्दातच मिळते. ‘पेन’ या एका शब्दात ही सारी वर्गवारी सपाट होते.

९/
मग ही भाषा दवाखान्यातून बाहेर कशी पडली? १८२६ साली मुंबईत सरकारने ‘नेटिव्ह मेडिकल स्कूल’ सुरू केले. सर्जन जॉन मॅक्लेनन त्याचे प्रमुख. पाश्चात्त्य वैद्यक देशी भाषांतून शिकवायचे, त्यासाठी पुस्तकांची भाषांतरे करायची, असा तो उपक्रम होता. मराठीतून शरीरशास्त्र शिकलेला डॉक्टर ही कल्पना दोनशे वर्षांपूर्वी प्रत्यक्षात उतरू लागली होती. १८३२ मध्ये ती शाळा बंद झाली. तीन वर्षांनी कलकत्त्यातील देशी भाषांची वैद्यकशाळाही मोडीत निघाली आणि तिच्या जागी इंग्रजी माध्यमाचे महाविद्यालय उभे राहिले. मेकॉलेचे प्रसिद्ध टिपण त्याच वर्षीचे, १८३५ चे. वैद्यकाच्या भाषेचा निर्णय रोग्याच्या खाटेपाशी झाला नाही. तो सरकारी टेबलावर झाला.

१०/
१८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या नावाचे हे महाविद्यालय पहिल्या दिवसापासून इंग्रजी माध्यमाचे होते. १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत भाऊ दाजी लाड होते. यातून पश्चिम भारताला उत्तम डॉक्टर मिळाले, हे निर्विवाद. शवविच्छेदन, शस्त्रक्रिया, रोगजंतूंचे ज्ञान यांनी असंख्य जीव वाचवले. परंतु त्याच वेळी एक नवी दरी पडली. रोगी मराठीत सांगे, डॉक्टर ते मनात इंग्रजीत उतरवी, टिपण इंग्रजीत लिही आणि औषधाची चिठ्ठीही इंग्रजीत देई. पहिल्यांदाच असे घडले की दुखणे ज्याचे, त्यालाच त्याच्या दुखण्याचा कागद वाचता येईना.

११/
ही दरी बुजवण्याचे प्रयत्न झाले. १८६० च्या दशकात ग्रँट मेडिकल कॉलेजातच मराठी आणि गुजराती वर्ग उघडले गेले. डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारख्या डॉक्टरांनी मराठीत वैद्यकाचे लेखन केले. त्यांची सावत्र मुलगी रखमाबाई पुढे स्वतः डॉक्टर झाली. पण देशी भाषेतला वर्ग हा दुय्यम दर्जाच्या नोकरीचा आणि इंग्रजी वर्ग पदवीचा, अशी उतरंड पक्की झाली. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेतून पदवी घेऊन आल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत क्षयाने गेल्या. मराठी बाईशी तिच्याच भाषेत बोलू शकणारी पाश्चात्त्य विद्येची डॉक्टर ही त्या काळची किती मोठी गरज होती, हे त्यांच्या प्रवासातूनच दिसते. त्या समुद्रापार शिकायला गेल्या त्या घरच्या बायकांसाठी.

१२/
मराठीने जिथे मनावर घेतले तिथे काय घडले, याचे उदाहरण ‘लस’. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला गाईच्या देवीची लस टोचली गेली. भारतातली ही पहिली यशस्वी लस. इंग्रजी ‘व्हॅक्सीन’च्या मुळाशी लॅटिन ‘वाक्का’, म्हणजे गाय. मराठीने गाय बाजूला ठेवली आणि फोडातून पाझरणाऱ्या द्रवाला असलेला आपला साधा शब्द उचलला. लस. टोचून घेण्याच्या क्रियेला गावाने आणखी सोपे नाव दिले, ‘देवी काढणे’. ज्या रोगाला देवीचा कोप मानले जाई, त्याच देवीच्या नावाने त्याचा प्रतिबंध घरोघर पोचला. १९८० मध्ये जगातून देवी हटल्याचे जाहीर झाले. रोग गेला, पण ‘लस’ राहिली आणि २०२१ मध्ये सर्वांच्या तोंडी पुन्हा आली.

१३/
याच्या नेमके उलटे उदाहरण प्लेगचे. १८९६ मध्ये मुंबईत आणि त्याच वर्षअखेरीस पुण्यात साथ आली. १८९७ चा साथरोग कायदा झाला. घरझडत्या, विलग छावण्या, ‘सेग्रिगेशन’, ‘क्वारंटाईन’. गावकरी त्याला ‘कारंटीन’ म्हणत. गाठीचा रोग हे नाव मागे पडले आणि ‘प्लेग’ रूढ झाला, कारण तो शब्द सोजिराच्या बुटांसोबत उंबरठा ओलांडून आत येत होता. १० मार्च १८९७ रोजी रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. इतिहासाची पुस्तके या घटनांना जुलूम आणि प्रतिकार म्हणतात, आणि ते खरेच आहे. पण त्या जुलमाचा एक भाग भाषेचाही होता. आपल्या माणसाला कुठे नेत आहेत, कशासाठी नेत आहेत, तो कधी परत येईल, हे लोकांना समजेल अशा शब्दांत सांगणारे कोणी नव्हते.

१४/
१९१८ मध्ये इन्फ्लुएन्झा मुंबई बंदरातून देशात शिरला. भारतात एक कोटीहून अधिक माणसे मेली. सरकारी कागदांत रोगाचे नाव इटालियन वळणाचे होते. मान टाकून माणूस आडवा होताना ज्यांनी पाहिला, त्यांनी त्याला ‘मानमोडी’ म्हटले. आज शंभर वर्षांनी ‘मानमोडीच्या साली’ असा कालनिर्देश जुन्या माणसांच्या आठवणींत सापडतो. लोकांनी दिलेले नाव लोकांच्या स्मृतीत टिकते. इतिहासाच्या अभ्यासकाला याचा थेट उपयोग होतो. दप्तरात ‘इन्फ्लुएन्झा’ शोधणाऱ्याला आकडे मिळतील, पण त्या गावाने काय सोसले ते शोधायचे तर ‘मानमोडी’ हा शब्द ठाऊक असावा लागतो.

१५/
स्वातंत्र्यानंतर आणि विशेषतः १९६० नंतर महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोशांचे मोठे काम केले. त्यातले काही शब्द लोकांनी आपलेसे केले. ‘रक्तदाब’, ‘हृदयविकार’, ‘शस्त्रक्रिया’, ‘रक्तगट’, ‘कर्करोग’ हे आज वर्तमानपत्रांत सहज येतात. ‘कर्करोग’ तर लॅटिन ‘कॅन्सर’चेच भाषांतर. कर्क म्हणजे खेकडा, कॅन्सर म्हणजेही खेकडा. पण काही शब्द कोशातच राहिले. थायरॉईडला ‘अवटुग्रंथी’ म्हटल्याने पिंपळीच्या बाईला काही अधिक कळत नाही. तिच्या दृष्टीने दोन्ही शब्द सारखेच अनोळखी, आणि त्यातला एक निदान औषधाच्या डबीवर तरी असतो. मराठी शब्द आणि समजणारा शब्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा परिभाषेच्या इतिहासातून घ्यायला हवा.

१६/
इंग्रजी शब्दांची एक बाजू शुद्धिवाद्यांना सहसा दिसत नाही. ते आडोसा देतात. ‘महारोग’ या शब्दात शतकांची हेटाळणी साठली होती. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याला उभ्या केलेल्या संस्थेच्या नावात तो शब्द आजही आहे, आणि तो किती ओझे वाहत होता याचा पुरावा म्हणून आहे. ‘क्षय झाला’ म्हटल्यावर मुलीचे लग्न मोडत असे. ‘टीबी आहे, गोळ्या चालू आहेत’ हे वाक्य त्या मानाने बोलता येते. ‘वेड लागले’ म्हणजे येरवडा. ‘डिप्रेशन आहे’ म्हणजे डॉक्टर. जिला ‘विटाळ’ शब्द सोसवत नाही ती मुलगी ‘पिरियड्स’ म्हणते, आणि त्या इंग्रजी शब्दाच्या आधाराने वडिलांसमोरही बोलते. हा लाभ खरा आहे. त्याचे श्रेय नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

१७/
पण आडोशाच्या मागे अंधारही असतो. करोनाच्या काळात ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह’ हे शब्द घरोघर पोचले. मराठी शाळेत ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे सकारात्मक, चांगले, असे शिकलेला माणूस चाचणीच्या निकालापाशी मात्र गडबडतो. ‘विलगीकरण’ हा शब्द त्याच काळात रुळला, कारण तो ऐकताच कळत होता. ‘फिट’ची कथा आणखी विचित्र. ‘तो फिट आहे’ म्हणजे ठणठणीत. ‘त्याला फिट आली’ म्हणजे आकडी आली, फेफरे आले. इंग्रजीत हे दोन निराळे शब्द केवळ उच्चाराने एक झाले. मराठीने दोन्ही उचलले आणि फक्त ‘आहे’ आणि ‘आली’ यांच्या बळावर वेगळे ठेवले. फोनवर घाबऱ्या आवाजात सांगताना हा आधार फार बारीक ठरतो.

१८/
आता पुन्हा ‘शुगर’कडे. ‘मला शुगर आहे’ या वाक्यात एक मोठी चूक दडली आहे. रक्तात साखर प्रत्येकाच्या असते. ती नसेल तर माणूस जगणारच नाही. पण ‘शुगर’ हेच रोगाचे नाव झाले की ‘शुगर कमी झाली’ ही बातमी बरी वाटू लागते. औषध किंवा इन्सुलिन घेऊन जेवण चुकलेल्या माणसाला दरदरून घाम सुटतो, हातपाय कापतात, गरगरते, बोलणे अडखळते. त्याच्या रक्तातली साखर धोक्याइतकी उतरलेली असते आणि त्या क्षणी शुद्धीवर असलेल्या माणसाला चमचाभर साखर किंवा गूळपाणी देणे हाच पहिला उपाय असतो. परंतु ‘शुगरवाल्याला साखर देऊ नका’ हे वाक्य घराने पाठ केलेले असते. उसाच्या मुलखात, साखरेचा डबा हाताशी असताना, केवळ शब्द नीट न उलगडल्याने जीव धोक्यात यावा, ही गोष्ट शब्दकोशाच्या चर्चेपलीकडची आहे.

१९/
दुसरे उदाहरण ‘अटॅक’. मराठीत अटॅक म्हणजे हृदयाचा. मेंदूच्या झटक्याला जुन्या पिढीत नेमके शब्द होते. ‘पक्षाघात’, म्हणजे शरीराच्या एका बाजूवर घाव. ‘लकवा’ हा अरबी. आणि शुद्ध गावरान, ‘अंगावरून वारे गेले’. यांतला पहिला शब्द लक्षणच सांगतो. एक बाजू लुळी पडली. आज नव्या पिढीला पक्षाघात शब्द अवघड वाटतो आणि ‘स्ट्रोक’ शब्द पुरता पोचलेला नाही. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारे औषध सुमारे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. जुना शब्द गेला, नवा आला नाही, अशा मधल्या पोकळीत हे तास निघून जाऊ शकतात. भाषेतली पोकळी घड्याळात मोजता येते, ती अशी.

२०/
सुदृढतेच्या शब्दांतही तोच बदल दिसतो. ‘तालीम’ अरबी, मूळ अर्थ शिक्षण. ‘कसरत’ही अरबी. जोर, बैठका, मुद्गल, मल्लखांब ही सारी त्या तालमीची सामग्री. इंग्रजांनी मुद्गल उचलले आणि ‘इंडियन क्लब्ज’ म्हणून आपल्या व्यायामशाळांत फिरवले. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार इंग्रजी पुस्तकातून परदेशातही केला. मराठीत शरीर ‘कमावतात’. हाच शब्द चामड्यालाही लागतो. कच्चे कातडे मेहनतीने टिकाऊ करणे म्हणजे कमावणे. आज तालुक्याच्या रस्त्यांवर पहाटे पोलीस भरतीसाठी धावणारी मुले-मुली ‘फिजिकल’ची तयारी करतात आणि ‘मेडिकल’ला ‘अनफिट’ ठरण्याची धास्ती बाळगतात. कमावणे हे क्रियापद करणाऱ्याचे होते. ‘फिट’ आणि ‘अनफिट’ हा दुसऱ्याने मारलेला शिक्का आहे.

२१/
या इतिहासातून एक भेद हाती लागतो. रोगाचे नाव आणि रोगाचे दुखणे या दोन वेगळ्या भाषा आहेत. नाव उसने चालते. डेंग्यू, टीबी, थायरॉईड, कॅन्सर यांनी मराठी बुडणार नाही. आजार, जखम आणि तब्येत यांनी ती बुडाली नाही, तशीच. परंतु ‘काय होते आहे’ आणि ‘काय करायचे आहे’ या दोन प्रश्नांची उत्तरे उसन्या शब्दांत देता येत नाहीत. ठसठस आणि चुणचुण यांतला फरक ‘पेन’ सांगत नाही. ‘हे औषध उपाशीपोटी, हे जेवल्यावर, आणि घाम सुटला तर आधी साखर’ ही सूचना इंग्रजी आद्याक्षरांत लिहून भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या समिरा कोहली प्रकरणात रुग्णाची संमती पुरेशा माहितीवर आधारलेली असली पाहिजे असे स्पष्ट केले. न समजणाऱ्या भाषेतली माहिती पुरेशी कशी म्हणता येईल?

२२/
यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, डॉक्टर देशभरातून येतात, औषधे जगभरची असतात, म्हणून कागद इंग्रजीतच हवा. मान्य. डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेला कागद इंग्रजीत असू द्यावा. मागणी त्यासोबतच्या दुसऱ्या कागदाची आहे, जो रोग्यासाठी आहे. दुसरा आक्षेप, लोकांनाच इंग्रजी शब्द हवे असतात. हेही अंशतः खरे. पण लोकांना शब्द हवा असतो तो प्रतिष्ठेसाठी, आणि समजून घेणे हवे असते ते जगण्यासाठी. पहिले मिळाले म्हणून दुसरे मिळाले असे होत नाही. ‘बीपी’, ‘सलाईन’, ‘नॉर्मल’ हे शब्द सफाईने वापरणाऱ्या माणसाला त्यांचा अर्थ विचारून पाहावा. आत्मविश्वास आणि आकलन यांतले अंतर तिथेच दिसते.

२३/
योगायोगाने या प्रश्नाची कसोटी पिंपळीच्या शेजारीच उभी आहे. बारामतीत २०१९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आज त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव आहे. त्याच २०१९ पासून देशभर एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम लागू झाला. त्याच्या प्रारंभिक पायाभूत टप्प्यात स्थानिक भाषेच्या ओळखीला जागा दिली आहे. देशाच्या अन्य भागांतून येणाऱ्या विद्यार्थ्याला ‘नमस्कार’ आणि ‘कुठे दुखते’ एवढे शिकवून हा भाग उरकता येतो. किंवा त्याला उसण, मुरडा, ठणका, कणकण, गोळे, चमक, भोवळ, ‘अंगावरून वारे गेले’ हे शब्द लक्षणांच्या यादीसह शिकवता येतात. १८२६ च्या मुंबईतल्या शाळेने सहा वर्षांत अर्ध्यावर सोडलेले काम हेच होते. ते दोन शतकांनंतर एका तालुक्याच्या गावी पुढे नेता येईल.

२४/
त्यासाठी नवे कोश लागत नाहीत. पिंपळी, इंदापूर, फलटण, दौंड या भागांतली वयस्क माणसे दुखण्याचे कोणते शब्द वापरतात ते नोंदवणे, ही इतिहासाची आवड असलेल्या कोणत्याही तरुणाला घरबसल्या करता येण्याजोगी गोष्ट आहे. आजीला विचारावे, देवी काढल्याची खूण दंडावर कुठे आहे, मानमोडीबद्दल तिने काय ऐकले, पोटात कळ आणि मुरडा यांत ती काय फरक करते. ही उत्तरे शिलालेखाइतकीच मोलाची आहेत, आणि शिलालेखापेक्षा लवकर पुसली जातात. जोडीला प्रत्येक दवाखान्याने घरी जाणाऱ्या रोग्याला एक पान मराठीत द्यावे. रोगाचे नाव काहीही असो. त्या पानावर ‘शुगर’ लिहिली तरी चालेल. फक्त तिच्या खाली ठळक अक्षरांत एवढे असावे की घाम सुटून हातपाय कापू लागले, तर आधी साखर खावी. उसाच्या मुलखात एवढे वाक्य तरी प्रत्येकाला वाचता आले पाहिजे.

(समाप्त)